कारवी आणि नीलकुरिंजी : बातमी एकीची, फोटो दुसरीचा

डोंगरवाट | ११ मे २०२५

परवा घरच्या ग्रुपवर एका काकांनी फोटो टाकला. डोंगरच्या डोंगर निळेजांभळे, मध्ये गवताचे पट्टे, मागे ढग. खाली लिहिलं होतं, 'सह्याद्रीत सात वर्षांनी फुललेली कारवी'. फोटो मुन्नारचा, फुलं नीलकुरिंजीची, आणि सात हा आकडाही चुकीचा. काकांचा यात काही दोष नाही, त्यांना आला तसा त्यांनी पुढे पाठवला. पण मला ते लागलं. या दोन्ही झाडांना मी त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन भेटले आहे, आणि एकीला दुसरीच्या नावानं हाक मारलेली मला सहन होत नाही.

कारवी पहिल्यांदा नीट पाहिली ती २०१६ साली, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. त्याआधी ट्रेकमध्ये शेकडो वेळा तिला धरून घसरडे उतार उतरले होते, पण फुलावर आलेली कधी पाहिली नव्हती. २०१८ मध्ये मुन्नारला गेले. त्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, आम्ही तिकिटं रद्द केली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा काढली. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर कुरिंजी होती, दाट नाही, पण होती. मग २०२४ ला परत बोरिवली.

दोघी एकाच घरच्या हे खरं. अडुळसा, कोरांटी, अबोली ज्या कुळातल्या, त्याच कुळातल्या, आणि त्यातही एकाच प्रजातीतल्या : स्ट्रोबिलँथस. कारवी ती स्ट्रोबिलँथस कॅलोसा, नीलकुरिंजी ती स्ट्रोबिलँथस कुंथियाना. फुलाचा आकारही घंटेसारखा, बहिणीबहिणींत असावा इतका सारखा. नुसत्या एका फुलाचा जवळून काढलेला फोटो दाखवलात तर माझीही गफलत होईल. पण झाड दाखवा, क्षणात सांगेन.

कुरिंजी गवताळ माळावरची. साधारण १३०० ते २४०० मीटर उंचीवर, शोला जंगलांच्या, म्हणजे डोंगरघळींतल्या ठेंगण्या सदाहरित जंगलांच्या, कडेनं पसरलेल्या कुरणात ती वाढते. बहुतेक झुडपं गुडघ्याएवढी, फार तर कमरेपर्यंत. पानं लहान आणि जाडसर. वर वारा इतका असतो की उंच वाढायची सोयच नाही. म्हणून ती लांबून दिसते, अख्खा उतार रंगलेला दिसतो.

कारवी माणसापेक्षा उंच. आठ-दहा फूट सहज, चांगली जागा मिळाली तर त्याहून जास्त. पान हातभर नसलं तरी तळहाताहून मोठं, कडेला दाते, शिरा ठळक, आणि हात फिरवला तर खरखरीत. ती जंगलातल्या झाडांखाली वाढते, उघड्या उतारांवरही वाढते, आणि मुंबईच्या टेकड्यांपासून घाटमाथ्यापर्यंत सगळीकडे असते. तिच्यात शिरावं लागतं. फुलाच्या दिवसांत आत गेलं की दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर जांभळं, आणि कणसांवरच्या लवेचा चिकटपणा व उग्र वास कपड्यांना लागतो तो दोन धुण्यांत जात नाही. मुन्नारच्या त्या फोटोत यातलं काहीच नाही.

धागा काढण्याचं खरं कारण पुढे आहे. नीलकुरिंजी कधी फुलली याची नोंद १८३८ पासूनची आहे. दर बारा वर्षांनी : १८३८, १८५०, १८६२, असं करत १९९४, २००६, २०१८. कारवीची अशी यादी मला कुणी देईल का? मुंबईची मला माहीत आहे : २०००, २००८, २०१६, २०२४. बाकीच्या डोंगरांचं काय? तुम्ही स्वतः पाहिली असेल तर डोंगर आणि वर्ष, एवढंच इथे लिहा.

---

पाऊलखुणा | ११ मे २०२५

उत्तम धागा. पण एक शंका. आमच्याकडे सगळे सातच म्हणतात. आजोबाही सातच म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहणारी माणसं चुकतील का?

---

डोंगरवाट | ११ मे २०२५

आजोबा चुकले नाहीत, दादा. मोजायची रीत वेगळी आहे. मुंबईचंच उदाहरण घेऊ. २०१६ ला फुलली आणि वाळून मेली. बी रुजलं २०१७ च्या पावसात. २०१७ ते २०२३ हे सात पावसाळे तिनं नुसती पानं आणि काठ्या वाढवल्या. आठव्या पावसाळ्यात, २०२४ ला, फूल. म्हणजे वाट बघायचे पावसाळे सात, आणि फुलापासून फुलापर्यंतचं अंतर आठ वर्षांचं. आजोबांनी वाट मोजली असणार.

---

कुडाचं घर | १२ मे २०२५

मी जव्हारकडची. आमच्यासाठी कारवी म्हणजे फूल नंतर, आधी भिंत. कारव्या तोडून आणायच्या, सरळ बघून निवडायच्या, उभ्या लावून आडव्या कांबींना बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायचं. झाला कूड. वारली चित्रं जी आता कागदावर आणि कापडावर दिसतात ती मुळात याच भिंतींवरची. गेरूचा हात दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली. आतली कारवी कुणाला दिसत नाही.

माझ्या आईला वर्ष विचारलं तर आकडा सांगता येणार नाही. पण ती म्हणते, तुझा भाऊ रांगत होता तेव्हा आपल्या मागच्या डोंगरावर कारवी फुलली होती, आणि त्याच्या पुढच्या साली आपण भिंत नवी घातली, कारण काठी भरपूर वाळलेली मिळाली. भाऊ १९९१ चा. रांगत होता म्हणजे तेच साल किंवा पुढचं. अशी नोंद चालेल का ताई?

---

डोंगरवाट | १२ मे २०२५

चालेल काय, मला हीच हवी आहे! आईंना माझा नमस्कार सांगा. जमलं तर अजून दोघी-तिघींना विचारा. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुठला दुष्काळ, कशाशीही जोडलेलं चालेल.

कुरिंजीच्या बाबतीतही नेमकं असंच होतं. तिकडच्या डोंगरातले पळियन लोक तिच्या फुलण्यावरून वय मोजत, असं सांगतात. चार कुरिंज्या पाहिलेला माणूस म्हणजे पन्नाशीच्या आसपास.

---

तिणै | १२ मे २०२५

लग्नानंतर गेली बावीस वर्षं कोइमतूरला आहे, म्हणून कुरिंजीच्या बाजूनं थोडं लिहिते.

इकडे ती नुसती फुलझाड नाही. संगम काळातल्या प्राचीन तमिळ कवितेत भूमीचे पाच प्रकार मानले आहेत, त्यांना तिणै म्हणतात : कुरिंजी, मुल्लै, मरुदम, नेयदल, पालै. त्यांतली कुरिंजी म्हणजे डोंगरी मुलूख. त्याचा देव मुरुगन, त्याची वेळ मध्यरात्र, आणि त्याचा भाव दोन प्रेमिकांची चोरून झालेली भेट. एका झुडपाच्या नावानं अख्ख्या डोंगराला आणि त्यात घडणाऱ्या प्रेमाला नाव मिळालं. कोडैकानलला कुरिंजी आंडवर मंदिर आहे, तो मुरुगनच. निलगिरी हे नावही याच फुलांच्या निळाईवरून पडलं असं इकडे सगळे मानतात.

मला राहून राहून वाटतं, मराठीत कारवीला असं का मिळालं नाही? आपल्या कवितेत मोगरा आहे, पारिजातक आहे, केवडा आहे. कारवी नाही.

---

पाऊलखुणा | १२ मे २०२५

कारण आपल्याकडे लिहिणारे गावात होते आणि कारवी डोंगरात.

---

कुडाचं घर | १३ मे २०२५

डोंगरातल्यांच्या गाण्यांत शोधली का कुणी? ती गाणी लिहिलेली नाहीत म्हणून नाहीत असं नाही. आईला विचारते.

---

सातेरी | १३ मे २०२५

मधमाशीपालनात पंचवीस वर्षं काढली, म्हणून पोटतिडकीनं लिहितो. कारवी फुलते ते वर्ष मधवाल्याच्या लक्षात राहतंच. कारवीचा मध दाट आणि गडद असतो. एका उतारावर सगळी झुडपं एकदम फुललेली असताना माशीला दुसरीकडे जायचं कारणच उरत नाही, त्यामुळे पोळ्यात भेसळ जवळजवळ नसते. इतर वर्षी पावसाळ्याच्या शेवटी माशी दहा ठिकाणी फिरते.

महाबळेश्वरकडे या घरातली अजून एक आहे, व्हायटी. तिच्याही मधाची ख्याती आहे. लोक तिला कारवीच समजतात. ती वेगळी जात आहे, स्ट्रोबिलँथस इक्सिओसेफाला. ठेंगणी असते आणि फूल पांढरट. तिसरी टोपली कारवी, कासच्या पठारावरची. उपडी टोपली ठेवावी तसं गोल झुडूप. सातारकर मंडळी 'कारवी फुलली' म्हणतात तेव्हा अनेकदा त्यांच्या मनात ही टोपली असते, आणि मुंबईकर ऐकतात ती उंच कारवी. अर्धा गोंधळ इथेच होतो. वर्षं लिहाल तेव्हा कोणती कारवी तेही लिहा, नाहीतर यादी कुचकामी होईल.

---

डोंगरवाट | १३ मे २०२५

अगदी बरोबर. मी पहिल्याच पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं. तर मंडळी, सोबत एवढं लिहा : झुडूप डोक्याच्या वर की खाली, काठ्या सरळ उभ्या की झुडूप गोल, पान खरखरीत की नाही. एवढ्यावरून बरंच कळेल. पान हातात आलं तर खालून वरून दोन फोटो.

---

बीजांकुर | १५ मे २०२५

वनस्पतिशास्त्र शिकवते. नावाबद्दल एक छान गोष्ट सांगते. स्ट्रोबिलँथस म्हणजे शंकूसारखं फूल, कणसाच्या आकारावरून. १९४४ मध्ये ब्रेमेकँप या डच शास्त्रज्ञानं ही अवाढव्य प्रजाती फोडून तिचे बरेच तुकडे केले. आपल्या कारवीला त्यानं स्वतंत्र प्रजातीच दिली आणि तिचं नाव ठेवलं कार्विया. आपल्या बोलीतला शब्द थेट लॅटिन पोशाखात. त्याच्या पद्धतीनं पाहिलं तर कारवी आणि कुरिंजी सख्ख्या सोडा, चुलत बहिणीही जेमतेम. पुढे ते तुकडे पुन्हा एकत्र केले गेले, आणि आज दोघी परत एका छपराखाली आहेत. जुन्या पुस्तकांत कार्विया कॅलोसा दिसलं तर गोंधळू नका, ती हीच.

आता प्रश्न असा की इतकी वर्षं थांबून सगळ्यांनी एकदम का फुलायचं. बांबूच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे. सगळ्यात पटणारं उत्तर बी खाणाऱ्यांशी जोडलेलं आहे. दरवर्षी थोडं थोडं बी आलं तर उंदीर, पाखरं, किडे ते फस्त करतील आणि त्यांची संख्याही त्या खाऊवर टिकून राहील. सात वर्षं काहीच दिलं नाही तर त्या बियांवर जगणारी मोठी फौज तयारच होत नाही. मग एका वर्षी डोंगरभर बी. खाणारे खाऊन खाऊन थकतात आणि तरी बी उरतं. यात एक अट मात्र कडक आहे : जे झुडूप एकटंच वेगळ्या वर्षी फुलेल, त्याचं बी सगळं खाल्लं जाईल. म्हणजे चुकीच्या वर्षी फुलणाऱ्यांचा वंश पुढे जात नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगर एका तालात येतो.

हा ताल त्या त्या डोंगरापुरता असतो. शेजारच्या डोंगरावरची कारवी दुसऱ्या वर्षाची असू शकते. कुरिंजीचंही तेच. २०१८ हे मुन्नार-एरविकुलमचं साल. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच इडुक्की जिल्ह्यातल्या शांतनपाराजवळच्या कळ्ळिपारा टेकड्यांवर कुरिंजी फुलली होती, आणि बघायला झुंबड उडाली होती. म्हणून डोंगरवाट, तुमची १८३८ पासूनची यादीही सगळ्या कुरिंजीची नाही, एका मोठ्या गटाची आहे.

---

डोंगरवाट | १५ मे २०२५

हे मला नवीन आहे. धन्यवाद, मॅडम. म्हणजे 'कारवी कधी फुलते' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठली, हे आधी विचारायला हवं.

---

शांतवन | १६ मे २०२५

माझं मत वेगळं आहे आणि ते मी स्पष्ट लिहितो. कृपा करून ही यादी करू नका.

कासला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत नाव आलं, गर्दी वाढत गेली, आणि शेवटी रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. कुरिंजी फुलली की माणसं झुडपं उपटून गाडीच्या टपावर बांधून नेत. आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तिचं नाव आहे, उपटणं गुन्हा आहे. तिच्यासाठी २००६ मध्ये कुरिंजीमला अभयारण्यही झालं. कारवीला यातलं काही नाही. तिचं रक्षण आजवर एकाच गोष्टीनं झालं, ती म्हणजे कुणाला माहीत नसणं. तुम्ही डोंगर आणि साल लिहिणार, कुणीतरी त्यात आठ मिळवणार, आणि त्या वर्षी तिथे गाड्यांची रांग.

---

सातेरी | १६ मे २०२५

शांतवनदादा, भीती खरी आहे. पण कुरिंजीला सगळ्यात मोठा फटका बघायला येणाऱ्यांनी दिला नाही. चहाचे मळे, निलगिरीच्या झाडांची आणि वॅटल या परदेशी बाभळीची लागवड, यांनी तिची कुरणं गेली. ती गेली तेव्हा तिथे काय होतं याची नोंद असलेल्या ठिकाणीच आज भांडता येतं. आमच्या भागात एका उतारावर मी स्वतः दोनदा कारवीचा मध काढला. आज तिथे बंगले आहेत. तिथे कारवी होती हे मी सांगतो, पण माझ्याकडे कागद नाही.

---

शांतवन | १६ मे २०२५

बंगल्याचं ऐकून वाईट वाटलं. तरीही नेमकी जागा उघड लिहू नये, यावर मी ठाम आहे. फुलाच्या दिवसांत एका पायवाटेवरून दोनशे माणसं गेली तर खालची माती सुटते. आणि ज्या वर्षी झुडपं मरतात, त्याच्या पुढच्या पावसात उतार आधीच मोकळा असतो, धरून ठेवायला मेलेली मुळं आणि इवली रोपं, एवढंच. ते वर्ष सगळ्यात नाजूक. लोक फुलाचं वर्ष जपा म्हणतात, मी म्हणतो त्याच्या पुढची दोन वर्षं जपा.

---

डोंगरवाट | १७ मे २०२५

दिवसभर यावर विचार केला. तुमचं पटलं. बदल करते : इथे फक्त तालुका आणि साल लिहा. वाट, गावाचं नाव, नकाशावरची खूण काही नको. नेमकी जागा आपापल्या वहीत ठेवा. आणि आधीची वर्षं लिहा, पुढची मोजून जाहीर करू नका. मुंबईचं २०३२ आणि मुन्नारचं २०३० हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे, ते लपवून उपयोग नाही.

पुढच्या दोन वर्षांचा मुद्दा मी कधी ऐकलाच नव्हता. खरं सांगते, २०१७ मध्ये मी त्या वाटेला फिरकलेही नाही. फुलं संपली म्हणून.

---

तिणै | १८ मे २०२५

कुरिंजीचं एक राहिलं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत आता तिची नोंद 'असुरक्षित' अशी झाली आहे. इतकं प्रसिद्ध फूल, संगम काळापासून कवितेत, नावावर अभयारण्य, टपाल तिकीट, आणि तरी ही वेळ. कारवी आजही भरपूर दिसते म्हणून निर्धास्त राहू नका.

---

कुडाचं घर | २० मे २०२५

आईनं आणखी दोघींना विचारलं. एकीनं सांगितलं की तिची थोरली जन्मली त्या पावसात फुलली होती. ती २००० ची. आईच्या आठवणीतलं भावाचं साल १९९२ धरलं तर बरोबर आठ वर्षं होतात, आणि मुंबईच्या सालाशीही जुळतं. एकाच डोंगराबद्दल दोघी बोलत होत्या, एकमेकींना न विचारता. मी कागदावर लिहून काढलं आणि हातच थरथरला.

तालुका जव्हार, १९९२, २०००. उंच कारवी, कुडाची.

गाणं अजून मिळालं नाही. शोधतेय.

---

बीजांकुर | २० मे २०२५

याहून चांगली नोंद कुठल्या नोंदवहीत असेल असं मला वाटत नाही. २००८ आणि २०१६ चंही बघा कुणाला आठवतं का. ती दोन सालं सापडली तर या डोंगराचा ताल नक्की झाला.

---

पाऊलखुणा | २७ मे २०२५

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. काल सकाळी पावसाची सर थांबल्यावर राष्ट्रीय उद्यानाकडच्या बाजूला गेलो होतो. गेल्या वर्षी फुललेली कारवी वाळून उभी आहे, राखाडी काठ्या आणि वर सुकलेली कणसं. तिथे उभा राहिलो तर आवाज येत होता. टक्. टक्. टक्टक्. आधी वाटलं पानांवरून थेंब पडतायत. मग गालावर काहीतरी लागलं.

---

बीजांकुर | २७ मे २०२५

ते बी! तिची बोंडं पुढच्या पावसापर्यंत झाडावर सुकत राहतात आणि ओल लागली की तडकतात. आत बियांना आधार देणारे छोटे आकडे असतात, तेच बी लांब भिरकावतात. अडुळशाच्या कुळातल्या पुष्कळ झाडांत ही सोय आहे, कोरांटीचं सुकलं बोंड पाण्यात टाकून बघा. पाऊस यायच्या तोंडावर फुटायचं, म्हणजे पडल्या पडल्या रुजायला ओली माती.

---

सातेरी | २७ मे २०२५

पंचवीस वर्षांत हा आवाज मी दोनदाच ऐकला आहे. भाग्यवान आहात.

---

डोंगरवाट | १३ जुलै २०२५

आज गेले होते. या वेळी फुलं संपली तरी गेले. वाटेच्या कडेनं, मेलेल्या काठ्यांच्या पायाशी, रोपंच रोपं आहेत, बोटाच्या पेराएवढी. पहिली दोन पानं गोलसर, आणि त्यांच्यामधून वर आलेल्या इवल्या पानाला आत्ताच दाते आहेत. बोट फिरवून पाहिलं. खरखरीत आहे.

पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून वाटेवरूनच परत फिरले. फोटो खाली जोडते आहे. तालुका बोरिवली, साल पहिलं.